ख्रिस्तपुराणाच्या ओव्या मोठ्याने वाचताना

वडील गेल्यानंतरच्या वर्षात माझे पवित्र शास्त्राचे वाचन हळूहळू बंद पडले. श्रद्धा उडाली होती असे नाही. रविवारच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, मी जात होते, रात्रीची जपमाळही होत होती. पण पुस्तक उघडले की ओळी डोळ्यांखालून नुसत्या सरकत आणि पान संपल्यावर काय वाचले ते सांगता येत नसे. दफनाच्या दिवशी आणि त्यानंतरच्या प्रार्थनांमध्ये ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही’ हे स्तोत्र इतक्या वेळा म्हटले गेले होते, की पुढे ते समोर आले की माझे मन आपोआप दुसरीकडे वळत असे. लहानपणापासून पाठ असलेली वचने ऐन गरजेच्या वेळी मुकी व्हावीत, याचे मला फार दुःख होत होते आणि ते कोणाजवळ बोलावे हेही कळत नव्हते.

माझे माहेर नगर जिल्ह्यातले. आमच्या गावच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मिस्सा मराठीत, गायने मराठीत, आणि नाताळात पेटी-तबल्यावर भजनेही मराठीतच होत. लग्नानंतर काही वर्षांनी यजमानांना गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली आणि आम्ही साष्टी तालुक्यात, राय गावात भाड्याच्या घरात राहू लागलो. मी मडगावच्या एका शाळेत मराठी शिकवते. इथली उपासना कोंकणीत होते, एखादी मिस्सा इंग्रजीत असते. कोंकणी समजायला मला फार दिवस लागले नाहीत, उत्तरेही तोंडात बसली. तरी दुसऱ्याच्या घरी जेवताना पान कितीही प्रेमाने वाढलेले असले तरी आपण जरा सावरूनच बसतो, तशी माझी प्रार्थना इथे सावरून बसलेली असे. वडील होते तोवर हे जाणवत नव्हते, कारण रोज रात्री फोनवर ते एक वचन वाचून दाखवत आणि दिवसाची मराठी तेवढ्याने भरून निघत असे.

ख्रिस्तपुराणाकडे, म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओव्यांत सांगितलेल्या बायबलच्या कथेकडे, मी वळले ती यातूनच. वळले म्हणण्यापेक्षा, इतकी वर्षे ते हाताशी असून मी ते उघडले नव्हते याची मला लाज वाटली असे म्हणणे अधिक खरे. ‘जैसी हरळांमाजि रत्नकिळा, कि रत्नांमाजि हिरा निळा, तैसी भासांमाजि चोखळा, भासा मराठी’ ही ओवी मी वर्गात कित्येकदा शिकवली आहे. मराठीचा गौरव करणारा परदेशी धर्मगुरू म्हणून फादर थॉमस स्टीफन्स आपल्या सगळ्यांना ठाऊक असतात. आणि मला वाटते, या चार-पाच ओव्यांमुळेच त्यांचा ग्रंथ न वाचण्याची आपल्याला सोय झाली आहे. आपण त्यांच्याकडून भाषेचे प्रशस्तिपत्रक घेतले आणि ज्या गोष्टीसाठी त्यांनी ती भाषा निवडली ती गोष्ट तशीच ठेवून दिली. सुमारे अकरा हजार ओव्यांपैकी मलाही त्या चारच येत होत्या, आणि मी तर ख्रिस्ती आहे.

शिवाय मी राहते कुठे, तर राशोलच्या शेजारी. मडगावहून येणारी बस आमच्या घरावरून पुढे जाते ती राशोलला. तिथल्या टेकडीवर जुने सेमिनरी, म्हणजे धर्मगुरू घडवणारे विद्यालय, आहे, खाली जुवारीचे पाणी आणि शेते दिसतात, किल्ल्याची वेस अजून उभी आहे. याच राशोलला १६१६ साली ख्रिस्तपुराण छापले गेले. देवनागरीचे खिळे तेव्हा नव्हते, म्हणून मराठी ओव्या रोमी अक्षरांत छापल्या गेल्या. १६४९ आणि १६५४ साली ते पुन्हा छापले. पण या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज सापडत नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांमुळे. इथले जे ख्रिस्ती कारवार-मंगळूरकडे गेले त्यांच्या घरांत त्याच्या नकला जपल्या गेल्या, आणि १९०७ साली मंगळूरला सालढाणा यांनी त्या ताडून पुन्हा छापल्या. देवनागरीत लिहिलेली एक पोथी लंडनला निघाली. स्टीफन्स स्वतः इंग्लंडचे. धर्मगुरूंच्या जेजुइट संघात शिरून २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यात उतरले आणि १६१९ साली इथेच वारले. मधली चाळीस वर्षे त्यांनी बहुतेक करून साष्टीत काढली. रोज ज्या वाटेने मी भाजी घेऊन येते त्या वाटेने ते गेले असतील, असे म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही, पण वाटा इथे फार थोड्या आहेत.

ओळखीच्या एका फादरांकडून मला देवनागरी प्रत मिळाली. तिच्यात मूळ ओवी आणि तिचा आजच्या मराठीतला अर्थ, असे दोन्ही होते. ग्रंथाचे दोन भाग आहेत: पहिले पुराण जुन्या कराराचे, दुसरे पुराण ख्रिस्तचरित्राचे. पहिल्यात ३६ आणि दुसऱ्यात ५९ अध्याय. स्टीफन्स त्यांना अवस्वरु म्हणतात. उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या, आदल्या दिवसापर्यंत रविवार धरून ४६ दिवस होतात. रोज दोन अवस्वरु वाचले तर ग्रंथ जवळजवळ पुरा होतो, असा हिशेब मी वहीत मांडला आणि उपवासकाळाचे व्रत म्हणून ते वाचायचे ठरवले. एकच अट मी स्वतःला घातली, ती म्हणजे मोठ्याने वाचायचे. ओवी ही डोळ्यांनी वाचायची वस्तू नव्हे, एवढे माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्यांनी मला शिकवले होते.

राखेच्या बुधवारी संध्याकाळी दिवेलागणीनंतर मी पहिली ओवी वाचली:

वो नमो विश्वभरिता।
देवा बापा सर्वसमर्था।
परमेश्वरा सत्यवंता।
स्वर्गपृथ्वीचेया रचणारा॥

पहिल्या तीन चरणांचे यमक जुळते आणि चौथा चरण मोकळा सुटतो. वाचताना श्वास तिसऱ्या चरणाला संपत येतो आणि चौथ्याला आवाज खाली ठेवावा लागतो. हे मला शिक्षिका म्हणून माहीत होते, पण जिभेला माहीत नव्हते. ‘दातारू’, ‘सागरू’ असे उकारान्त शब्द, ‘चेया’ अशी षष्ठी, यांत मी वारंवार अडखळत होते. एका अवस्वरात सरासरीने सव्वाशेच्या आतबाहेर ओव्या असतात. पहिल्या संध्याकाळी दीड तासात मी चाळीस ओव्यांपर्यंत पोहोचले आणि घसा बसला.

‘देवा बापा’ या दोन शब्दांपाशी मात्र मी त्याच दिवशी थांबले. आपल्याकडे ‘वडील’ हा आदराचा शब्द. ‘बाप’ म्हटले की त्यात जरा खरखर येते, आणि भांडणात कोणाचा बाप काढणे म्हणजे तर हातघाईवर येणे. तरीही गेथशेमाने बागेतल्या येशूची हाक मराठी पवित्र शास्त्रात ‘अब्बा, बापा’ अशीच आहे. ती मी शेकडो वेळा वाचली होती. स्वतःच्या घरात, स्वतःच्या आवाजात, मोठ्याने ‘देवा बापा’ असे मी आयुष्यात पहिल्यांदा म्हणत होते. आमच्या वडिलांना आम्ही भावंडे ‘दादा’ म्हणत असू. ‘बापा’ अशी हाक मी त्यांना कधीच मारली नव्हती.

पहिला आठवडा संपला तेव्हा वहीतल्या हिशेबाने मी पंधराव्या अवस्वरात असायला हवे होते, आणि होते तिसऱ्यात. मग मी घाई केली. दोन संध्याकाळी अर्थ न बघता नुसते वाचत सुटले, यजमानांना जेवायला उशीर झाला, मुलीवर विनाकारण ओरडले, आणि रात्री झोपताना आठवून पाहिले तर सृष्टीच्या उत्पत्तीतले एकही चित्र मनात उरले नव्हते. शाळेत मार्चअखेर पोर्शन संपवताना जी अवस्था होते तीच मी देवाच्या पुस्तकाची करून टाकली होती. वहीतला तो तक्ता मी दुसऱ्या दिवशी फाडला. रोज एकच तास बसायचे, अर्थ लागेल तेवढ्याच ओव्या वाचायच्या आणि समजली नाही ती ओवी ओलांडून पुढे जायचे नाही, एवढेच ठेवले.

आमच्या शेजारी पंचाहत्तरी ओलांडलेल्या एक मावशी राहतात. त्यांचे शिक्षण पोर्तुगीज अमदानीत झाले. देवनागरी त्यांना वाचता येत नाही, प्रार्थनेचे पुस्तक त्या रोमी कोंकणीत वाचतात. संध्याकाळचे तेर्स, म्हणजे जपमाळ, झाले की त्या दारापुढच्या बाल्कांवावर बसतात. आमची खिडकी त्या बाजूला आहे. तक्ता फाडला त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यांनी खिडकीतून विचारले, ‘किदें वाचता गो बाय तूं? भजन?’ मी म्हटले, ‘पुराण वाचते मावशी, येशूचे.’ त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘वाच, हांव आयकतां.’

त्यांना मराठी नीट समजेल असे मला वाटले नव्हते. त्यांच्यासाठी म्हणून मी पुन्हा पहिल्या ओवीपासून सुरुवात केली. ‘स्वर्गपृथ्वीचेया रचणारा’ म्हणताच त्यांनी मला थांबवले. ‘रचणार? हें आमचें न्हय गो?’ आणि त्यांनी कोंकणीतला ‘सत मानतां’ म्हणून दाखवला, ज्यात सर्ग आणि पृथुमेचा ‘रचणार’ म्हणून देवबापावर आपण विश्वास ठेवतो. दर रविवारी मीही तो म्हणत होते. चारशे वर्षांपूर्वीच्या मराठी पोथीतला शब्द आणि माझ्या शेजारणीच्या रोजच्या प्रार्थनेतला शब्द एकच आहे, हे मला पुस्तकाने नव्हे, त्यांच्या कानाने सांगितले. त्या दिवसापासून मी खुर्ची खिडकीतून उचलून त्यांच्या बाल्कांवावर नेली.

दुसऱ्या एका शब्दाने तर माझे सगळे वाचनच बदलले. ग्रंथाच्या सुरुवातीला स्टीफन्स यांची एक गद्य प्रस्तावना आहे. ती मी पहिल्या दिवशी भराभर ओलांडली होती. तिच्यात ते सांगतात की या देशातल्या भाषांत परमेश्वराच्या गोष्टी निरूपण करायला मराठी योग्य वाटली म्हणून ग्रंथ मराठीत लिहिला. पण शुद्ध मराठी मधल्या लोकांना कळत नाही, म्हणून जुन्या कवीश्वरांची बहुतेक अवघड ‘उतरे’ सांडून ठिकठिकाणी ब्राह्मणांच्या भाषेची, म्हणजे कोंकणीची, सोपी ‘उतरे’ मिसळली. हा ‘उतर’ मला नीट उमगला नव्हता. उत्तर असेल, किंवा उतारा असेल, अशी मनाची समजूत घालून मी पुढे गेले होते. मावशींना वाचून दाखवताना त्या सहज म्हणाल्या, ‘उतर म्हणजे शब्द, बाय. देवाचें उतर.’

देवाचें उतर. हे तर मी इथे आल्यापासून ऐकत होते, पण ते कानावरून जात होते. एक परकी संज्ञा म्हणून मी ती स्वीकारून टाकली होती. योहानाच्या शुभवर्तमानाची सुरुवात मराठीत ‘प्रारंभी शब्द होता’ अशी आहे, आणि ‘शब्द’ म्हटले की माझ्यासारख्या भाषेच्या शिक्षिकेला आधी शब्दकोश आठवतो, व्याकरण आठवते. ‘उतर’ म्हटल्यावर मराठी कानाला उतरणे ऐकू येते: खाली येणे, पायरी उतरणे, ओझे उतरवणे, पूर ओसरून पाणी उतरणे. व्युत्पत्तीने हे चुकीचे आहे, ते संस्कृतातल्या ‘उत्तर’ शब्दाचेच रूप असणार, आणि वर्गात कोणी असा अर्थ लावला असता तर मी दुरुस्त केला असता. पण त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी योहानाचा पहिला अध्याय उघडला आणि शब्द देही झाला व त्याने आमच्यामध्ये वस्ती केली, या वचनापाशी कितीतरी वेळ बसून राहिले. वर्षभरात पहिल्यांदा ओळ डोळ्यांखालून सरकली नाही.

जिथे मावशींची कोंकणी पुरत नसे तिथे दुसरे साहाय्य मिळाले. माझ्या शाळेतल्या एक सहकारी फोंडा तालुक्यातल्या आहेत; त्यांच्या वडिलांनी जन्मभर ज्ञानेश्वरीची पारायणे केली आहेत. दुसऱ्याच ओवीचा शेवट ‘आदि अंतु नातुडे’ असा आहे. अर्थ शेजारी छापलेला होता, तरी शब्द मला बोचत होता. सहकारी बाईंनी दुपारच्या सुट्टीत घरी फोन लावला आणि फोन माझ्या हातात दिला. ते काका म्हणाले, ‘नातुडे म्हणजे हाती लागत नाही, सापडत नाही. माउलींकडे जागोजाग येतो तो.’ मग त्यांनी ओवी पुन्हा म्हणायला सांगितली. ‘तूं रिद्धिसिद्धीचा दातारू। कृपानिधी करुणाकरू। तूं सर्व सुखाचा सागरू। आदि अंतु नातुडे॥’ पलीकडे क्षणभर शांतता होती. नंतर ते म्हणाले, ‘हे आमच्याकडेही कोणी म्हटले तर कोणी अडवणार नाही.’ स्टीफन्स स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणतात हे मी सांगितले तेव्हा ते काही बोलले नाहीत. पुढे आठवड्यातून दोनदा तरी मी त्यांना फोन करत असे, आणि माझी यादी काढून होण्याआधी तेच विचारत, ‘आज कुठले अडले?’

त्यांच्या मुलीने मात्र मला एक प्रश्न विचारला आणि तो मी इथे गाळणार नाही. त्यांचे कुलदैवत श्रीरामनाथ. हा देव मुळात लोटलीचा, म्हणजे आमच्या राय-राशोलच्या अगदी जवळच्या गावचा. सोळाव्या शतकात साष्टीतली देवळे पाडली गेली तेव्हा भाविकांनी मूर्ती अंत्रुज महालात, आजच्या फोंडा तालुक्यात नेल्या. रामनाथ बांदिवड्याला गेले, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला गेली. १५६७ साली साष्टीत हा विध्वंस झाला तो राशोलच्या किल्ल्यातल्या पोर्तुगीज कप्तानाच्या हातून. सहकारी बाई म्हणाल्या, ‘तुम्ही इतक्या भक्तीने वाचता, ते मला आवडते. पण ज्या राशोलमुळे आमचे देव हलवावे लागले त्याच राशोलला हे पुराण छापले गेले, त्याचे तुम्ही काय करता?’

मी काही उत्तर दिले नाही, कारण माझ्याकडे ते नव्हते. स्टीफन्स त्यानंतर बारा वर्षांनी आले असे म्हणून सुटता आले असते. पण ते ज्या सत्तेच्या छायेत काम करत होते ती तीच होती. आणि उत्तर टाळणे ग्रंथानेच मला अशक्य केले. पुराणाच्या आरंभीच एक प्रसंग आहे: पाद्री धर्मशिक्षण देत असताना एक जण पुढे येऊन म्हणतो की आमची पूर्वीची पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी वाचायला आम्हांला दुसरे पुराण का देत नाही? पहिल्यांदा वाचताना हा मला ग्रंथलेखनाचा सुंदर निमित्त-प्रसंग वाटला होता. प्रश्न ऐकून घरी गेल्यावर तो पुन्हा वाचला आणि त्यातली हानी दिसली. ज्याच्या घरातली पोथी गेली आहे, ज्याच्या संध्याकाळी रिकाम्या झाल्या आहेत, असा माणूस हे बोलतो आहे. ज्या ओव्यांनी माझी मुकी प्रार्थना बोलती होत होती त्या अशा एका माणसाच्या रिकाम्या झालेल्या संध्याकाळीसाठी लिहिल्या गेल्या होत्या. आणि पुढे त्याच्या नातवंडांच्या तोंडची भाषाही सुरक्षित राहिली नाही. २७ जून १६८४ च्या हुकुमाने पोर्तुगीज व्हाइसरॉयने इथल्या लोकांना तीन वर्षांत कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलायला फर्मावले.

उपवासकाळ हा पश्चात्तापाचा काळ आहे. आपण त्या दिवसांत बहुधा स्वतःच्या रागाची, आळसाची, जिभेच्या चोचल्यांची कबुली देतो. त्या वर्षी मी कबुलीला गेले तेव्हा ही गोष्टही बोलले. जे पाप मी केले नाही त्याची क्षमा मागता येते का, असे मी फादरांना विचारले. ते म्हणाले की दुःख तर करता येते आणि ते देवापुढे ठेवता येते. तेवढे मी केले, आणि दुसऱ्या दिवशी सहकारी बाईंना तसे सांगितले. त्या म्हणाल्या, ‘बाबा विचारत होते, यादी का आली नाही.’

आदाम-एवेचे पतन वाचून झाले तोवर झावळ्यांचा रविवार चार-पाच दिवसांवर आला होता. मी पहिले पुराण तिथेच ठेवले आणि दुसऱ्या पुराणातल्या दुःखसहनाच्या भागाकडे गेले. तोवर जीभ बरीच वळली होती. यमकाकडे लक्ष द्यावे लागत नव्हते, चौथ्या चरणाला आवाज आपोआप खाली येत होता, आणि उजव्या हाताची बोटे गुडघ्यावर ताल धरत आहेत हे मावशींनी दाखवून दिले तेव्हा मला कळले. त्या आठवड्यात मावशी फारसे बोलत नसत. ज्यांचा अर्थ त्यांना लागत नसे अशा ओव्याही त्या डोळे मिटून ऐकत, आणि माझे वाचन संपले की त्या एखादे लॅटिन मोटेत, म्हणजे भक्तिगीत, जे त्यांना लहानपणापासून येते पण ज्याचा शब्दशः अर्थ त्यांना कोणी सांगितलेला नाही, हलक्या आवाजात म्हणत. अर्थ पूर्ण कळल्याशिवाय प्रार्थना होत नाही, असे मी आजवर मानत आले होते. त्यांच्या शेजारी बसून मला तसे मानता येईना.

उत्तम शुक्रवारी इथे घंटा वाजत नाही. गुरुवार रात्रीपासून तिच्या जागी लाकडी मातराक खडखडते. दुपारचा विधी आटोपून आम्ही परतलो, मावशी काळ्या कपड्यांतच बाल्कांवावर येऊन बसल्या. वधस्तंभावरचा भाग वाचताना मी ओव्या वाचत होते आणि मनात त्याच जागेची लूकची वचने उमटत होती. ‘हे बापा, मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो.’ चाळीसहून अधिक संध्याकाळी मी ‘बापा’ हा शब्द मोठ्याने उच्चारला होता. त्या संध्याकाळी तो तोंडातून पुढे निघेना. दादांच्या शेवटच्या रात्री मी पोहोचले नव्हते. गाडी घाटात अडकली आणि भावाने फोन त्यांच्या कानाला लावून धरला होता. तेव्हा काय म्हणावे ते मला सुचले नव्हते, मी नुसती त्यांच्या श्वासाचा आवाज ऐकत राहिले होते. मावशींनी माझ्या हातातले पुस्तक घेतले नाही, पाणी आणले नाही, काही विचारले नाही. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, ‘आतां तें परत वाच.’ मी ती ओवी पुन्हा वाचली, आणि नंतर न बघता, पाठ असलेले, मेंढपाळाचे स्तोत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटले.

पुनरुत्थानाच्या पहाटे आम्ही दोघी राशोलच्या बाजूने चालत आलो. मी त्यांना टेकडीकडे हात करून म्हटले की छापखाना तिथे होता. त्या म्हणाल्या, लहानपणापासून त्या सेमिनरीच्या फेस्ताला जात आल्या आहेत आणि हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

ग्रंथ अर्थातच पुरा झाला नाही. पुनरुत्थानाचे अवस्वरु आम्ही त्या पुढच्या आठवड्यात वाचले, मग मे महिन्यात मी माहेरी गेले तेव्हा खंड पडला. जूनमध्ये परत आल्यावर जिथे सोडले होते तिथून, पहिल्या पुराणातून, पुन्हा सुरुवात केली आहे. फोंड्याच्या काकांनी मध्यंतरी प्रत मागवून घेतली. आता ते फोनवर माझ्या पुढे असतात आणि पुढची ओवी सांगून टाकतात, ते मला थांबवावे लागते. पावसामुळे बाल्कांवावर बसता येत नाही, म्हणून मावशी आमच्याकडे येतात. कौलांवर सर कोसळली की माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. मग सर ओसरेपर्यंत आम्ही थांबतो, आणि ती ओवी पहिल्या चरणापासून पुन्हा घेतो.